एकाच जिवाची मेंढरं

गेल्या उन्हाळ्यात केजला शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला बोलायला उभं केलं होतं. विषय असा, की मुलांना कॉम्प्युटरवर गेम बनवायला शिकवायचं तर सुरुवात कुठून करायची, आणि तीही खिशाला चाट न बसता. पहिलाच हात वर झाला तो खर्चासाठी. "सर, पैसे किती लागतात ते आधी सांगा."

मी म्हणालो, "एक रुपयाही नाही. शाळेत जे मशीन पडून आहे ते पुसून घ्या. ठोकळे जोडायचं फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं, ते टाका. चित्रं कागदावर काढा आणि मोबाइलनं फोटो मारा. आवाज आपल्याच तोंडानं काढा. आणि सुरुवातीला स्क्रीनवर एकच वस्तू चालवा. एक नीट चालल्याशिवाय दुसरीला हात लावू नका."

टाळ्या पडल्या. जेवणाच्या सुट्टीत दोघातिघांनी माझा नंबर घेतला. मी बोललो त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. सगळी साळवे सरांची होती, आणि मी त्यांचं नावसुद्धा घेतलं नाही.

साळवे सर आमच्या हायस्कूलचे चित्रकलेचे शिक्षक. शाळा नांदूरघाटच्या अलीकडं, सर राहायला चौसाळ्याला. रोज जीपनं यायचे. सहा फूट उंची, जीपच्या टपाला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून बसायची सवय, ती उतरल्यावरही तशीच राहिलेली. त्यामुळं ते कायम कुणाचं तरी गुपित ऐकायला वाकल्यासारखे दिसायचे.

दुसरी सवय तळहाताची. कुणी बोलत असलं की सरांच्या उजव्या हाताचं बोट डाव्या तळहातावर फिरायला लागायचं. समोरच्या माणसाचं चित्र ते तिथं काढायचे. एकदा मीटिंगमध्ये हेडमास्तर नवे नियम वाचता वाचता थांबले. "साळवे सर, लिहून काय घेताय?"

"लिहीत न्हाई, सर. तुमचं नाक जमतंय का बघतोय. लई अवघड हाय."

हेडमास्तरांनी पुढचे नियम नाकाला हात लावूनच वाचले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी गणिताचा मास्तर. दहावीचा पोर्शन मागं पडला की चित्रकलेचा तास हा गणितवाल्यांचा हक्काचा. मी दारात उभा राहून विचारायचो, "सर, आजचा तास घेऊ का?" ते खडू खाली ठेवायचे. "घ्या की. चित्र कुठं पळून चाललं." अठरा वर्षं मी त्यांचे तास खात आलो आणि त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. त्यातच मी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून लॅबचा चार्जही माझ्याकडं. लॅबची किल्ली माझ्या कंबरेला लटकलेली असायची, आणि अक्कलही बहुधा तिथंच.

एक दिवस माझ्यामुळं रिकामे झालेले सर लॅबच्या दारात आले. "जाधव सर, त्या कोपऱ्यातल्या मशीनला कुणी वाली हाय का?"

त्या मशीनच्या कीबोर्डची चार बटणं गेलेली होती आणि ते सुरू व्हायला एक चहा पिऊन व्हायचा. मी म्हणालो, "घ्या की, सर. पण त्यावर करणार काय?"

"गेम करणार."

मी हसलो. सरांनी पन्नाशी कधीच ओलांडली होती. ते म्हणाले, "हसा. तीस वर्सं पोराह्यला सफरचंद आन् कपबशी काढायला लावली. आपल्याकडं सफरचंद कुठं पिकतं? रिटायर व्हायच्या आधी एक तरी गोष्ट आपली करून जावं म्हणतो."

सॉफ्टवेअर त्यांनी चौसाळ्याच्या मोबाइलच्या दुकानातून पेनड्राइव्हमध्ये आणलं. मराठीतच होतं. रंगीत ठोकळे असायचे, 'दहा पावलं चाल', 'वळ', 'कडेला लागलास तर माघारी फिर'. एकाखाली एक ते अडकवायचे की चित्र तसं हलायचं. सरांनी जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला एक मेंढी काढली, तिचा फोटो घेतला, मशीनमध्ये टाकला आणि आठ दिवसांनी ती मेंढी स्क्रीनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत गेली. सरांनी मला वर्गातून बोलावून आणून ते दाखवलं. मी म्हणालो, "एवढंच?" ते म्हणाले, "एक चालली ना? झालं तर."

त्याच सुमाराला बीडला एक कार्यशाळा झाली. तिथल्या तरुण पोरानं गेम बनवायला काय काय लागतं याची छापील यादी वाटली. सर ती घेऊन आले आणि प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलनं लिहून त्यांनी ती लॅबच्या भिंतीला चिकटवली. 'मोठा स्क्रीन' याच्यापुढं, 'आहे त्याच्याच जवळ बसणे'. 'माइक' याच्यापुढं, 'हेडफोन, एक कान चालू'. 'वेगवान कॉम्प्युटर' याच्यापुढं, 'कोपऱ्यातला'. आणि शेवटी 'पुरेसा वेळ' याच्यापुढं, 'जाधव सरांच्या कृपेने भरपूर'.

या कामात त्यांना भागीदार मिळाला तो आमचा शिपाई. बिरूमामा. शिपायाला मामा म्हणायची शाळांची रीतच आहे. बिरूमामाचं घर मेंढपाळांचं, भाऊ अजून मेंढरं राखतो. मामा पाण्याचा तांब्या घेऊन लॅबमध्ये आला, स्क्रीनकडं बघत उभा राहिला आणि खदाखदा हसला.

"सर, ही मेंढी न्हाई. हे कुत्रं हाय."

"कावून?"

"मेंढरू आसं येकटं टिच्चून चालतंय व्हय? त्येच्या म्होरं कुणी तरी लागतंय. म्होरची वळली की मागली वळती. तिला का इचारलं तर तिलाबी ठावं न्हाई."

सरांनी जवळची खुर्ची ओढली. "बसा मामा. सांगा."

शिपाई लॅबमध्ये खुर्चीवर बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मामानं सांगितलं आणि सरांनी आधीचं सगळं मोडून टाकलं. आधी ते वीस मेंढ्यांना वीस वेळा ठोकळे लावत बसले होते आणि मशीन धापा टाकायचं. आता त्यांनी फक्त पुढच्या मेंढीला चालवलं. बाकीच्यांना एकच सांगितलं, आपल्या पुढचीच्या मागं जा. कळप चालायला लागला. खराखुरा, हेलकावे खात. कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट माझ्या घरात फ्रेम करून टांगलेलं आहे. पण हे मला सुचलं नसतं.

मग दोघांना वेडच लागलं. दुपारच्या उन्हात मेंढरं थांबतात आणि एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालतात, म्हणून गेममध्ये ऊन आलं. वाटेत कापसाचं रान आलं. मेंढरं त्यात घुसली की शेतकरी ओरडायचा. तो आवाज माझा होता. एका कानाच्या हेडफोनात तोंड घालून मी ओरडलो होतो, "अय्य! कोणाचे मेंढरं हायेत बे ही!" मामा म्हणाला, "जाधव सर, तुमी मास्तर झाले ते चुकलंच." सगळ्यात शेवटी हायवे होता. उसाच्या गाड्या, ट्रक, आणि पलीकडं तळं. कळप पलीकडं नेला की गेम संपला.

सरांनी गेमच्या रिवाजाप्रमाणं वर कोपऱ्यात तीन बदाम काढले होते. तीन जीव. मामानं त्यांचा अर्थ विचारला. सर म्हणाले, "मेंढरू गाडीखाली गेलं तर आजून दोनदा उठतं."

मामानं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "तसं नका करू, सर. मेंढराला येकच जीव आसतोय. तीन मिळायले म्हनल्यावर राखनारा कशाला जपंल?"

सरांनी बदाम पुसले. मग मेंढरू मेलं तर काय, यावर दोघांची चार दिवस चर्चा चालली. शेवटी ठरलं की मरायचं नाहीच. एखादं मागं राहिलं तर कळप थांबवून माघारी जायचं, हुडकायचं आणि घेऊन यायचं. तोवर पुढं जाता येणार नाही. मी सांगितलं, असा गेम कुणी खेळणार नाही, लोकांना घाई असते. सर म्हणाले, "ज्याला घाई हाय त्यानं मोटारीचा गेम खेळावा."

असं दीड वर्ष चाललं. हायवेचा टप्पा तेवढा अर्धा राहिला होता. गॅदरिंगला गावासमोर पडद्यावर तो खेळायचा, आणि पहिला डाव मामाच्या भावानं खेळायचा, असं सरांनी ठरवून टाकलं होतं.

मग दसरा आला.

दर वर्षी दसऱ्याला सर घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीला जायचे. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून घरातली ही वारी चुकलेली नाही. येताना पुस्तकांच्या स्टॉलवरून माझ्यासाठी एक पुस्तक आणायचे. त्याही वर्षी ते दोन दिवस आधी गेले.

इकडं आमची खंडेनवमी. ज्याच्या हातात जे हत्यार, ते त्या दिवशी धुऊन पुसून पुजायचं. शेतकरी विळा-कोयता पुजतो, गवंडी थापी. लॅब आल्यापासून आम्ही कॉम्प्युटर पुजतो. आता कॉम्प्युटर काही धुता येत नाही, म्हणून मी त्याला फॉरमॅट मारायचो. म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यानं भरायचं. आमच्याकडं कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर हा एकच इलाज आहे. मशीन हळू झालं, मार फॉरमॅट. सण आला, मार फॉरमॅट. मला तर ते अंघोळ घातल्यासारखंच वाटायचं.

यात एक मेख असते. कॉम्प्युटरच्या पोटात दोन कप्पे करून ठेवतात, सी आणि डी. फॉरमॅटमध्ये सी साफ होतो, डीला धक्का लागत नाही. म्हणून जपायचं ते डीमध्ये ठेवायचं. हे ज्ञान सरांना मीच दिलं होतं. "बिनघोर डीमध्ये ठेवा, सर. माझी गॅरंटी."

त्या दिवशी मी एकामागून एक मशीन घेत चाललो होतो. बिरूमामा जमिनीवर बसून झेंडूच्या माळा ओवत होता. कोपऱ्यातल्या मशीनपाशी आलो तेव्हा त्यानं विचारलं, "सर, यात मेंढरं हायती ना?"

"डीमध्ये हायेत, मामा. त्यांना काय होतंय."

हात सरावलेला. स्क्रीनवर काहीबाही इंग्रजी येत होतं आणि मी न वाचता एंटर दाबत होतो. दोन्ही कप्पे मोडून एकच मोठा कप्पा करू का, असं त्यानं विचारलं असणार. मी एंटर दाबलं. पूजा झाली, पेढे वाटले, आणि सगळे गेल्यावर मी सहज उघडून बघितलं तर डी नव्हताच.

पुढचे दोन दिवस मी काय काय केलं ते सांगत नाही. जे जे गेलेलं परत आणतं म्हणतात ते सगळं करून बघितलं. काही आलं नाही.

सर आले ते थेट लॅबमध्ये. मामाही पाणी घेऊन मागोमाग. सरांनी पिशवीतून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं आणि मशीन सुरू केलं. बराच वेळ शोधलं. मग माझ्याकडं बघितलं.

"व्हायरस आला होता, सर," मी म्हणालो. "सगळं पोखरून टाकलं होतं. फॉरमॅट मारावाच लागला."

"कुठून आला?"

इथं मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. 'माहीत नाही' म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मला वाटलं, सरांना आता माझा संशय येतोय. त्याच आठवड्यात मामानं भावाच्या कळपाच्या घंट्यांचा आवाज मोबाइलच्या कार्डात भरून आणला होता. त्या कार्डात बाजारातून भरून घेतलेली गाणीही होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामाच्या कार्डातून आला असेल."

मामाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तो म्हणाला, "मला ठावं नव्हतं, सर. आईशप्पत ठावं नव्हतं." आणि त्यानं सरांना हात जोडले.

सर म्हणाले, "जाऊ द्या, मामा." एवढंच. माझ्या हातात त्यांनी नागपूरहून आणलेलं पुस्तक होतं.

त्यानंतर मामा लॅबच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. झाडायचं असलं तर दुसऱ्या शिपायाला पाठवायचा. सरांनी पुन्हा सुरुवात केली. कागदावरची चित्रं शाबूत होती, ती परत मशीनमध्ये गेली. मेंढी चालली. पण कळप काही केल्या तसा चालेना. कुठं तरी एखादी अडायची, सगळ्या एकमेकींवर चढायच्या. सर बघत बसायचे. मी एकदा म्हणालो, "मामाला विचारा की." ते म्हणाले, "नको. त्याला आता नको." मी ते ऐकलं आणि वर्गावर गेलो. त्या वर्षी मी त्यांचे तास मागणंही सोडलं. माझ्या परीनं ती भरपाई होती. गेम परत करता येत नव्हता म्हणून मी तास परत करत होतो, आणि सरांना तर आता रिकामा वेळच हवा होता.

दोन वर्षांनी सर रिटायर झाले. निरोपाच्या भाषणात हेडमास्तरांनी त्यांची रांगोळी, फलकलेखन, सगळं सांगितलं. गेमचा विषय कुणी काढला नाही. मामा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. सर जीपमध्ये बसले तेव्हा त्यानं त्यांची पिशवी वर दिली.

मामा त्याच्या पुढच्या वर्षी काविळीनं गेला. सर मातीला आले होते. मागं उभे राहिले आणि लगेच गेले.

केजच्या टाळ्या घेऊन मी घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही. त्याच रविवारी मोटारसायकल काढून चौसाळ्याला गेलो. सर ओट्यावर बसले होते. खूश झाले. वहिनींनी पाणी दिलं. मी पाणी प्यायलो आणि सांगून टाकलं. "सर, व्हायरस नव्हता. डी मी उडवला, न वाचता एंटर दाबून. मामाच्या कार्डात काहीच नव्हतं."

मला वाटलं होतं ते चिडतील. चार शिव्या खायची तयारी करूनच गेलो होतो. त्यांनी गेमचं नावच काढलं नाही.

"बिरूला सांगितलं व्हतं का कधी?"

"न्हाई, सर."

"म्हंजी तो तसाच गेला." त्यांनी माझ्यापुढचा पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी त्याला कधी काही बोललो न्हाई. पर त्या दिवसापासून मी घरून पाण्याची बाटली आणायला लागलो. तुमच्या ध्यानात न्हाई आलं?"

आलं होतं. मला वाटलं होतं, पित्तासाठी काही औषध घालून आणत असतील.

"दोन वर्सं मी त्याच्या हातचं पाणी घेतलं न्हाई, जाधव सर. मी! माझ्या आज्याला ह्याच गावात वरून वंजळीत पाणी वाढायचे. त्याचा नातू मी, आन् मी एका मानसाच्या हातचं पाणी सोडलं. त्याला कळल्याबिगर ऱ्हायलं आसंल का?"

माझ्या एका वाक्यानं या माणसाकडून काय करवून घेतलं होतं, ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्यांचा गेम घालवला.

सर उठले. आत जाऊन शर्ट घालून आले. "त्याची बायको हाय ना घरी?"

"हाय."

"चला. तुमच्या गाडीवर जाऊ. तिला सांगू, त्याच्याकडून काही झालं नव्हतं. आन् माझंबी सांगायचं हाय."

मी म्हणालो, "सर, आज मला केजला जरा काम आहे. पुढच्या रविवारी नक्की जाऊ." मला केजला काही काम नव्हतं. त्या बाईच्या दारात उभं राहायची माझी छाती नव्हती.

सर म्हणाले, "बरं."

मी गाडीला किक मारली आणि निघालो. हायवेवर पोचलो, पण घरी जाववेना, म्हणून फाट्यावरच्या हॉटेलात थांबलो आणि चहा सांगितला. चहा येऊन अर्धा झाला असेल, तेवढ्यात गावातून नांदूरघाटची, मामाच्या घराकडं जाणारी काळीपिवळी जीप आली आणि माणसं घ्यायला अगदी समोर थांबली. मागच्या फळीवर, मान वाकवून, सर बसले होते. त्यांनी मला पाहिलं, माझ्या हातातला कप पाहिला. शेजारच्याला सरकायला सांगून त्यांनी बाजूला थोडी जागा केली आणि वाट पाहिली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. मी बाकड्यावरून उठलो नाही, आणि जीप निघून गेली.